मंडपाचं बिल आणि ४५० चा आकडा

मराठवाड्यातल्या एका एनसीसी बटालियनच्या कॅम्पातलं हे प्रकरण आहे. गाव, बटालियनचा नंबर, कॉलेज यातलं काही देत नाही, माणसांची नावं तर नाहीच, आणि ओळख लागू नये म्हणून आकडे थोडे फिरवलेत, बाकी घडलं त्याचा क्रम आहे तसा ठेवलाय.

लिहायचं कारण असं की या प्रकरणात चोर कुणीच नाही. लाचेच्या बातम्या आपण रोज वाचतो, अमुक पकडला, तमुक पकडला, पावडर लावलेल्या नोटा, १०६४ वर तक्रार, आणि वाचून झालं की म्हणतो आपलं तसं काही नाही बाबा. पण मी सरकारी नोकरीत आस्थापना आणि लेखा अशी दोन्ही टेबलं बरीच वर्षं सांभाळली आणि माणसं घसरताना पाहिली ती बहुतेक लोभानं घसरलेली नव्हती. चांगल्या कामासाठी, साहेबाच्या शब्दाखातर, "दरवर्षी असंच असतं" म्हणून कुणीतरी एक सही करतं आणि मग पुढची सगळी नोकरी त्या सहीला सांभाळण्यात जाते. म्हणून हे प्रकरण मला सापळ्याच्या शंभर बातम्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आधी ऑफिसची रचना सांगतो, कारण अर्धा घोळ तिथंच आहे. एनसीसी १९४८ च्या कायद्यानं उभी राहिली आणि तिची बटालियन म्हणजे एकाच छताखाली दोन सरकारं. कमांडिंग ऑफिसर म्हणजे सीओ साहेब, सुभेदार मेजर, पोरांना ड्रिल शिकवणारे पीआय स्टाफचे हवालदार हे सगळे लष्कराचे, केंद्राच्या पगारावरचे. आणि हेड क्लार्क, लिपिक, स्टोअरकीपर, ड्रायव्हर, शिपाई हे आपले राज्य शासनाचे. लष्करातल्याला १९५० चा आर्मी ॲक्ट लागतो, राज्याच्या लिपिकाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागतात, आणि संरक्षण खात्यातच जे सिव्हिलियन असतात, लष्कराची बांधकामं पाहणाऱ्या एमईएसमधले, डेपोमधले, त्यांना केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम लागतात, त्या नियमांच्या सुरुवातीलाच तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुस्तकं तीन, टेबल एक, आणि चहा पिताना कुणाला कुठलं पुस्तक लागतं हे कुणाच्या डोक्यातही नसतं.

अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. लष्कराची माणसं दोन-तीन वर्षांत पोस्टिंगवर जातात, सिव्हिलियन मात्र वर्षानुवर्षं तिथंच. त्यामुळे सही असते नव्या साहेबाची आणि ती कुठं कशी करायची ते सांगणारा असतो जुना माणूस. चांगल्या प्रथा जशा अशा पुढं चालत येतात तशाच वाईटही येतात, फक्त वाईट प्रथेला कुणी वाईट म्हणत नाही, "पद्धत" म्हणतात.

कॅम्प दहा दिवसांचा होता, जूनमध्ये, एका कॉलेजच्या मैदानावर. मंजूर संख्या ४५० आणि पहिल्या दिवशी ४५० पोरं-पोरी हजर झाली पण. मेसचं सामान लोकल परचेसचं, भाजी, दूध, किराणा एकाच पुरवठादाराकडून, रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची मागणी द्यायची, पाच दिवसांचं एक आणि शेवटच्या पाच दिवसांचं एक अशी दोन बिलं. कॅम्पची कारकुनी एका कनिष्ठ लिपिक मॅडमकडं होती, परभणीकडच्या, नोकरीला पाचेक वर्षं झालेली. मुलींच्या विंगबरोबर त्या कॅम्पातच मुक्कामाला होत्या. विभागीय परीक्षेच्या तयारीला त्या माझ्याकडं यायच्या, त्यामुळे पुढचं सगळं मला त्यांच्याच तोंडून कळलं आणि कागद पण मी पाहिलेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मृगाचा पाऊस पडला, आणि असा तसा नाही, चांगला वापसा होईल असा. आता आपल्याकडं मृग बरसल्यावर घरात हाताशी आलेलं पोरगं कॅम्पात राहतंय का? संध्याकाळपासून फोन सुरू, "औत लावायलोत, ये". काहींचे बाप थेट मोटारसायकलवर आले. कॉलेजच्या एएनओ सरांनी, म्हणजे कॉलेजात एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांनी, पालकांचे अर्ज घेतले आणि सोडलं, ते योग्यच केलं. चौथ्या दिवशी सकाळच्या परेड स्टेटवर संख्या आली ३९१. ५९ पोरं घरी, पेरणीला.

परेड स्टेट म्हणजे रोज सकाळी फॉलइन झाल्यावर किती हजर, किती आजारी, किती रजेवर याचा कागद. तो सुभेदार साहेबांकडं जायचा. रेशनचं रजिस्टर मॅडमकडं. दोन्हींचा आकडा एक असायला पाहिजे, पण चौथ्या दिवसाची मागणी आदल्या संध्याकाळीच ४५० ची गेलेली होती आणि पाचव्या दिवसाचं सामान मेसवरून ३९१ चं मागवलं तरी रजिस्टरचा आकडा बदला असं मॅडमला कुणी सांगितलंच नाही. रजिस्टरवर ४५० तसंच राहिलं.

पाचव्या रात्री साडेअकराच्या सुमारास वादळ आलं. लाइट गेली, मोठा मंडप एका बाजूनं फाटला आणि खांबासकट खाली बसला, तंबूत पाणी. सगळ्यांना कॉलेजच्या वर्गांत हलवायचं ठरलं. अंधारात, टॉर्चवर, एकेका वर्गात डोकी मोजली, बेरीज आली ३९१. एएनओ मॅडमनी लिपिक मॅडमला विचारलं, तुमच्याकडं आकडा किती? त्यांनी रजिस्टर उघडून सांगितलं, ४५०.

पुढची काही मिनिटं तिथं काय झालं असेल याचा विचार करा. ५९ पोरं कमी! दोन हवालदार पावसात मैदानात पळाले, फाटलेल्या मंडपाचं कापड उचलून खाली बघायलेत, कुणीतरी विहिरीकडं गेलं, एक मुलगी रडायलीय. तेवढ्यात दुसऱ्या बिल्डिंगीतून सुभेदार साहेब परेड स्टेट घेऊन आले आणि ३९१ बरोबर आहेत, बाकीचे घरी आहेत असं सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. मला कुणी विचारलं की रेशनच्या रजिस्टरवर चार डोकी जास्त लिहिल्यानं काय बिघडतं, तर मी ही रात्र सांगतो. हजेरीचा आकडा पैशासाठी असतो तसाच माणूस शोधण्यासाठीही असतो.

सकाळी सुभेदार साहेब मॅडमकडं आले. बीड जिल्ह्यातलेच, सव्वीस वर्षं सर्व्हिस, काश्मीरात दोन टेन्युअर काढलेले, पोरांवर जीव लावणारा माणूस, हे सगळे सांगतात. ते म्हणले, "ताई, ४५० तसंच राहू द्या आता शेवटपर्यंत. मंडपवाल्याचं लई नुकसान झालंय, त्याला द्यायला आपल्याकडं खर्चाचं हेड नाही. रातच्याला जनरेटर मागवला, डिझेल मी खिशातून टाकलंय. पोरांच्या ताटातलं काही काढायलोत का आपण? ५९ जणांचं जे उरतंय ते याच पोरांच्या डोक्यावरच्या मंडपाला लागलं तर काय पाप आहे?"

पुरवठादाराशी बोलणं झालेलं होतं. सामान ३९१ चं यायचं, बिल ४५० चं लागायचं, फरक तो रोख परत करणार आणि त्यातून मंडप आणि जनरेटर भागवायचा. सुभेदार साहेबांनी डायरीत हिशेब पण मांडून ठेवला होता, पैसा न पैसा. हे मी मुद्दाम सांगतोय, माणूस अप्रामाणिक नव्हता.

त्याच दुपारी पहिल्या पाच दिवसांचं बिल आलं, पाचही दिवस ४५० धरून. बिलाच्या मागच्या बाजूला शिक्का असतो, "प्रमाणित करण्यात येते की सदर देयकातील संख्या हजेरीशी पडताळून पाहिली असून ती बरोबर आहे", त्याच्याखाली पहिली सही लिपिकाची, मग हेड क्लार्कची, मग अधिकाऱ्याची. मॅडम ते बिल घेऊन हेड क्लार्ककडं गेल्या. ते म्हणले, "मॅडम, कॅम्प मिलिटरीचा असतो, आपण फक्त कागद लावायचा. मी वीस वर्षं हेच करायलोय, आजपर्यंत ऑडिटनं एक शब्द काढला नाही."

रात्री मॅडमचा फोन आला. पहिलं वाक्य, "सर, मी सही केली नाही तर पोरांच्या विरोधात गेल्यासारखं होतंय." हे वाक्य नीट ऐका, कारण चांगल्या माणसाला असंच अडकवलं जातं. समोरचा काही धमकी देत नाही, तुमच्यातल्या चांगुलपणालाच हात घालतो.

मग आम्ही पुस्तक उघडून बसलो. १९७९ च्या नियमांतला तिसरा नियम सगळ्यांना "सचोटी आणि कर्तव्यपरायणता" एवढाच पाठ असतो, परीक्षेत तेवढंच येतं. पण त्याच नियमात पुढं जे आहे ते कामाचं आहे. कर्मचाऱ्यानं काम करताना स्वतःच्या सर्वोत्तम विचारानं वागायचं, वरिष्ठाच्या निदेशावरून वागत असेल तर तो निदेश शक्य तिथं लेखी घ्यायचा, आणि तेव्हा लेखी मिळणं शक्यच नसेल तर नंतर लवकरात लवकर त्याला लेखी दुजोरा घ्यायचा. केंद्राच्या नियमांत तर वरिष्ठावरही जबाबदारी टाकलीय, तोंडी आदेश शक्यतो द्यायचेच नाहीत आणि द्यावे लागले तर लगेच लेखी कळवायचे. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा नाही हो, नियमानं सांगितलेलं कर्तव्य आहे. आपल्याकडं मात्र कुणी "साहेब, लेखी द्या" म्हणलं की अख्ख्या ऑफिसात बातमी होते, जसं काही शिवी दिली.

दुसरी गोष्ट, सुभेदार साहेब हे मॅडमचे वरिष्ठ होते का? रँकनं मोठे, वयानं मोठे, कॅम्पात शब्दाला मान, पण लिपिकाची साखळी हेड क्लार्क, मग प्रशासकीय अधिकारी, मग सीओ. लष्करात वरिष्ठाचा हुकूम मोडणं हा गुन्हा आहे, आर्मी ॲक्टच्या कलम ४१ मध्ये, पण तिथंही शब्द "कायदेशीर हुकूम" असाच आहे, खोटी संख्या लिही हा हुकूम जवानालाही बंधनकारक नाही, लिपिकाला कुठून असेल.

तिसरी गोष्ट मला जास्त जड वाटली, ती सुभेदार साहेबांच्या बाजूची. आर्मी ॲक्टचं कलम ५७ सरकारी कागद खोटे करण्याबद्दल आहे, रिटर्न, रिपोर्ट, यादी, सर्टिफिकेट यात जाणूनबुजून खोटं लिहिणं किंवा त्यात सामील असणं, शिक्षा चौदा वर्षांपर्यंत. त्यात पैसा स्वतः खाल्ला का हा प्रश्नच नाही. कलम ५८ तर वेगळंच आहे, सामान-सुमान, पगार वगैरेच्या कागदावर कपटानं रकाने कोरे ठेवून सही करणं, तीन वर्षांपर्यंत. आपल्याकडं कोऱ्या व्हाउचरवर सह्या घेऊन ठेवायची सवय किती ऑफिसात आहे ते ज्याचं त्यानं आठवावं. सव्वीस वर्षं सर्व्हिस झालेला माणूस, पेन्शन तोंडावर आलेली, आणि डायरीत स्वतःच्याच अक्षरात सगळा हिशेब लिहून ठेवलेला! तपास लागला असता तर तीच डायरी त्यांच्याविरुद्ध पहिला पुरावा झाली असती. म्हणून मी मॅडमला म्हणलं, तुम्ही सही केली नाही तर पोरांच्या विरोधात जात नाही, सुभेदार साहेबांना पण वाचवताय.

सिव्हिलियन बाजूलाही काही मवाळ नाही. भारतीय न्याय संहितेत लोकसेवकाचा विश्वासघात कलम ३१६ च्या पाचव्या पोटकलमात आहे, खोटे हिशेब कलम ३४४ मध्ये. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १३ मध्ये स्वतः अपहार करणारा आहे तसाच दुसऱ्याला करू देणाराही आहे. पुढं कोर्टात काय टिकेल ते वकील सांगतील, पण विभागीय चौकशीला एवढंही लागत नाही. प्रमाणपत्रावर सही, हजेरी वेगळी, संपलं. शिस्त व अपील नियमांच्या नियम ८ खाली मोठ्या शिक्षेची चौकशी लागली की "मला सुभेदार साहेबांनी सांगितलं होतं" या बचावाला किती किंमत असते ते मी पाहिलंय. सुभेदार साहेब तोवर दुसऱ्या राज्यात पोस्टिंगला, किंवा रिटायर.

आणि चांगल्या कामासाठी एकदा आकडा वाढवला की पुढं काय होतं? पुरवठादाराला कळलं की या ऑफिसात बिल आणि सामान वेगळं असू शकतं. पुढच्या वर्षी मंडप फाटणार नाही, पण फरक मात्र चालूच राहील, कारण आता तो "पद्धत" झाला. जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडचं अतिवृष्टी अनुदानाचं प्रकरण २०२५ मध्ये गाजलं, याद्यांत बोगस लाभार्थी निघाले, तलाठी निलंबित झाले. कागदावर नसलेला माणूस उभा करायची सवय एकदा लागली की ती कुठवर जाते हे आपण आपल्याच भागात पाहिलंय. हेड क्लार्कच्या "वीस वर्षं हेच" वर मला शंकरराव चव्हाण आठवतात, पैठणचा माणूस, लोक हेडमास्तर म्हणायचे त्यांना, १९८६ मध्ये मुख्यमंत्री असताना त्यांनी राज्यात शून्याधारित अर्थसंकल्प आणला. त्यातलं तत्त्वच हे की मागच्या साली खर्च झाला हे यंदाच्या खर्चाचं कारण होऊ शकत नाही, प्रत्येक खर्चाला पहिल्यापासून कारण द्या. आपल्याच मातीतल्या माणसानं सांगितलेलं, आणि आपल्याच ऑफिसात आपण "दरवर्षी असतं" म्हणतो.

मॅडमपुढं रस्ते तीन-चार होते. सही करून मोकळं व्हायचं. किंवा आजारी रजा टाकून घरी जायचं, सही दुसऱ्या कुणाकडून होईल, हा रस्ता लई लोक घेतात आणि त्याला हुशारी समजतात, मला तो पहिल्याइतकाच वाईट वाटतो, कारण बिल पास होणार हे माहीत असून तुम्ही फक्त आपलं नाव काढून घेतलं. तिसरा रस्ता, बिलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा किंवा पत्रकाराला द्यायचा. त्यात वर्तणूक नियमांचाच भंग होतो, परवानगीशिवाय कार्यालयीन कागद बाहेर देता येत नाही, आणि मूळ चूक बाजूला राहून चौकशी तुमचीच लागते. तक्रारदाराला संरक्षण देणारा २०१४ चा कायदा संसदेत पास झाला पण अंमलात काही आला नाही, केंद्रात महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणाऱ्या सत्येंद्र दुबे या इंजिनिअरच्या खुनानंतर २००४ मध्ये निघालेला ठराव आहे, त्याखाली दक्षता आयोगाकडं नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते, पण ते घडलेल्या भ्रष्टाचारासाठी. इथं तर अजून काही घडलेलंच नव्हतं, थांबवता येत होतं, मग आधी वरच्याला लेखी सांगायचं.

म्हणून नोट लिहिली. दोनदा खोडून तिसऱ्यांदा जी झाली ती अशी:

"सादर. दि. ... च्या देयकात पाचही दिवस संख्या ४५० दर्शविली आहे. परेड स्टेटनुसार चौथ्या व पाचव्या दिवशी हजर संख्या ३९१ आहे. चौथ्या दिवसाची मागणी आदल्या सायंकाळी ४५० ची दिलेली असल्याने त्या दिवशी माल ४५० चाच आलेला आहे, शिल्लक कोरडा माल स्टोअरमध्ये जमा घेतला आहे. पाचव्या दिवशीचा माल ३९१ च्या प्रमाणात आलेला असल्याने ५९ चा फरक देयकातून वजा होणे आवश्यक वाटते. पुढील दिवसांसाठी ४५० संख्या कायम ठेवण्याबाबत तोंडी सूचना आहेत. वादळात मंडपाचे नुकसान झाले असून जनरेटर व मंडपाचा खर्च तातडीचा होता, त्यासाठी स्वतंत्र मंजुरीचा प्रस्ताव सादर करता येईल. मागणी कोणत्या संख्येची द्यावी याबाबत कृपया लेखी आदेश व्हावेत."

या नोटमधल्या दोन गोष्टी बघा. चौथा दिवस आणि पाचवा दिवस वेगळा केलाय. चौथ्या दिवशी खरंच ४५० चं सामान आलं होतं, पुरवठादाराचा तो पैसा हक्काचा होता, तो कापला असता तर ती पण चूकच झाली असती. नियमानं वागायचं म्हणजे दिसेल तिथं कात्री लावायची असं नाही. आणि दुसरं, सुभेदार साहेबांचं नाव कुठंही नाही, "तोंडी सूचना आहेत" एवढंच. पहिल्या खर्ड्यात नाव होतं, आरोप पण होता, तो काढला, कारण नोट निर्णय मागण्यासाठी होती, कुणाचा हिशेब चुकता करण्यासाठी नाही. आणि मंडपाचं खरं दुखणं त्यात लिहिलं, लपवलं नाही.

हेड क्लार्कनी नोट हातात घेऊन परत दिली, "असलं वर जात नसतं". मॅडमनी ती तिथंच आवक रजिस्टरला नोंदवली, नंबर टाकला आणि प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. हे करायला काळीज लागतं. पाच वर्षांची नोकरी, नवरा खाजगी शाळेवर, घराचा हप्ता, आणि रोज त्याच हेड क्लार्कच्या समोरच्या खुर्चीवर बसायचं.

संध्याकाळपर्यंत नोट सीओ साहेबांपर्यंत गेली. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते एवढंच, की वादळाच्या रात्री आकड्यात घोळ झाला तो यामुळंच का. मग नोटवर लिहून दिलं, मागणी आणि देयक परेड स्टेटच्या संख्येनुसारच, पाचव्या दिवसाचा फरक वजा, आणि मंडप-जनरेटरचा प्रस्ताव उद्याच्या उद्या. दुसऱ्या दिवसापासून परेड स्टेटची एक कॉपी रोज सकाळी लिपिकाच्या टेबलावर यायला लागली, रेशनचा आकडा त्यावरूनच. खरं तर हे पहिल्या दिवसापासून व्हायला पाहिजे होतं.

सुभेदार साहेबांना बोलावून सीओंनी काय सांगितलं ते आत दोघांतच राहिलं. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करातली चौकशी, बसवली नाही. यावर मतं वेगळी असू शकतात, मला विचाराल तर बरोबर केलं. बिल पास झालं नव्हतं, रोख रक्कम हातात आली नव्हती, सरकारचा एक रुपया गेला नव्हता, माणसाचा हेतू सगळ्यांना दिसत होता, आणि थांब म्हणल्यावर माणूस थांबला. बिल पास झालं असतं आणि मग उघड झालं असतं तर मात्र मी वेगळं म्हणलो असतो.

मंडपाचं पुढं काय झालं ते सांगायलाच पाहिजे, कारण सुभेदार साहेबांची अडचण खोटी नव्हती. प्रस्तावाला तुटलेल्या खांबांचे फोटो, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची त्या रात्रीची नोंद, प्राचार्यांचं पत्र, जनरेटरचं भाड्याचं बिल असं सगळं जोडलं आणि कार्योत्तर मंजुरीसाठी ग्रुप हेडक्वार्टरला पाठवलं. चार महिने गेले. एक क्वेरी आली, अजून एक आली. जनरेटर आणि डिझेल पूर्ण मंजूर झालं, मंडपाचं निम्म्याच्या आसपास. तोवर मंडपवाला दर आठवड्याला ऑफिसच्या दारात. तो गरीब माणूस, त्याला कलम ५७ काय माहीत, त्याच्या लेखी मॅडममुळं त्याचे पैसे अडकले. आणि मला इथं सरकारवर राग येतो, उघडपणे सांगतो. खरा खर्च खऱ्या नावानं मागितला तर चार महिने आणि निम्मे पैसे, खोट्या आकड्यात घातला तर आठ दिवसांत पूर्ण पैसे, अशी व्यवस्था ठेवायची आणि वर नीतिमत्तेची प्रशिक्षणं घ्यायची, याला अर्थ नाही. शेकडो पोरं उघड्या मैदानावर जूनमध्ये ठेवताय तर तातडीच्या खर्चाला कॅम्प कमांडंटच्या हातात थोडी रक्कम द्या, हिशेब चोवीस तासांत मागा.

कॅम्प संपला त्या दिवशी मॅडमच्या घरी केशर आंब्याची पेटी आली, पुरवठादाराकडून, सासूबाईंनी घेऊन ठेवली, त्यांना काय माहीत. आपल्याकडं आंबे पाठवणं म्हणजे माया, घरोघरी जातात. पण ज्याचं बिल तुमच्या टेबलावर पेंडिंग आहे त्याची पेटी मायेची राहत नाही. सहज केलेलं जेवण, वाटेत दिलेली लिफ्ट याला केंद्राच्या नियमांत भेट धरत नाहीत, लग्नकार्यात जवळच्यांकडून रीतीप्रमाणं घेता येतं, पण ज्याच्याशी कार्यालयीन संबंध आहे त्याच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा हा सगळ्या वर्तणूक नियमांचा आशय आहे. पेटी त्याच रात्री रिक्षानं परत गेली, सोबत चिठ्ठी, "दादा, बिल वेळेत निघेल, आंबे नकोत". दुसरं बिल पाच दिवसांत निघालं पण. सासूबाई दोन दिवस नीट बोलल्या नाहीत.

आता शेवटचं आणि अजून न सुटलेलं. त्या सीओ साहेबांचं पुढच्या मार्चच्या आधीच पोस्टिंग आलं. नवीन साहेब आले, त्यांना कॅम्पातलं काही माहीत नाही, माहिती देणारे हेड क्लार्कच. मॅडमच्या गोपनीय अहवालात आधी दोन वर्षं "अत्युत्कृष्ट" होतं, यंदा प्रतवारी एकदम खाली आली आणि शेरा, "सहकाऱ्यांशी समन्वयात सुधारणेस वाव". कॅम्पचं काम काढून आवक-जावकला बसवलं, तोंडीच. त्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे टेबल बदलाचा आदेश लेखी मागितला, तो मिळाला.

अहवालाबद्दल सुप्रीम कोर्टाचा २००८ चा देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा निकाल आहे, देव दत्त हे बॉर्डर रोड्सच्या इंजिनिअरिंग सेवेतले अधिकारी, त्यांची प्रतवारी कमी झाली आणि ती त्यांना कळवलीच नाही, त्यात कोर्टानं म्हणलं की अहवालातली प्रत्येक नोंद, वाईटच असली पाहिजे असं नाही, कर्मचाऱ्याला कळवायची आणि त्याला त्यावर म्हणणं मांडू द्यायचं. त्याच्या आधारानं मॅडमनी मुदतीत प्रतिवेदन दिलंय. सोबत आवक नंबरासह ती नोट, सीओंचा लेखी आदेश, आणि त्या दहा दिवसांच्या परेड स्टेटच्या प्रती जोडल्यात. आधीचे सीओ आता दुसऱ्या राज्यात आहेत, त्यांना त्यांनी पत्र लिहून तेव्हाच्या कामाबद्दल लेखी अभिप्राय मागितलाय. सुभेदार साहेब गेल्या महिन्यात रिटायर होऊन गावी आले, त्यांनी मात्र न मागता फोन केला आणि म्हणले, ताई, तुमच्या प्रतिवेदनाला माझं लेखी निवेदन लागत असेल तर सांगा, मी सगळं जसं घडलं तसं लिहून देतो. ते निवेदन आलंय, सहीनिशी, दोन पानी, मी वाचलंय. प्रतिवेदनावर निर्णय अजून व्हायचाय.